घरच्या माणसाचा पगार

"घरच्या पोरीला पगार? मग उद्यापासून मांजराला पेन्शन सुरू करू! उंदीर मारतं बिचारं."

असं म्हणून अप्पा स्वतःच हसले. गोठ्यात दुसरं हसणारं कोणी नव्हतं. धाकटी कबऱ्या गाईच्या पोटाला कपाळ टेकून धार काढत होती. बाहेर थंडी अशी की पाण्याच्या टाकीवर बर्फाचा पापुद्रा धरलेला, आणि तिच्या बोटांची सालं निघालेली. दुधाची बादली अर्धी भरली.

"कायदा आहे तो, अप्पा," मग ती म्हणाली. "नवऱ्याला इकडे आणायचं तर बायकोचा पगार दाखवावा लागतो. सहा महिने, बँकेतून."

"बायकोचा पगार! आणि नवऱ्याचं काय? त्यानं नुसतं बसमधून उतरायचं?"

"त्याला इथे कामच करता येत नाही परवाना मिळेपर्यंत. त्यासाठीच तर."

"मग तिकडे कर म्हणावं काम. तिकडच्या मेंढ्या काय टकल्या झाल्यात?"

हा नवरा म्हणजे कात्र्या. त्याला खरं नाव होतं, पण अप्पांनी ते कधी जिभेवर घेतलं नाही. दर वर्षी ऊन तापायच्या आधी पलीकडच्या देशातून मेंढ्या कातरणारी टोळी यायची, त्यातला हा एक. उंच, वाकलेला, बोलायला जड. तीन हंगाम अप्पांच्या पडवीत झोपला. चौथ्या वर्षी टोळी आली नाही, आणि धाकटी चार दिवस मैत्रिणीकडे म्हणून गेली ती सीमा ओलांडून, तिकडच्या कचेरीत सह्या करून परत आली. पिशवी ठेवली, बादली उचलली आणि म्हणाली, "लग्न केलं."

"कुणाशी?"

"ओळखता तुम्ही. मेंढीच्या कानाला कात्री लागली म्हणून त्याची मजुरी कापली होती तुम्ही."

अप्पांना ते आठवत होतं. बरोबरच कापली होती. कान कोणाचा होता?

तसे अप्पा वाईट माणूस नव्हेत, असं गावात म्हणायचे. गावात काय, कोणालाही म्हणतात. दारू नाही, मारहाण नाही, कोणाचं बुडवलं नाही. फक्त हातातून पैसा सुटताना त्यांच्या पोटात कळ यायची. थोरला मुलगा शहरात खुर्चीत बसून पगार घ्यायचा, त्याचं त्यांना कोण कौतुक! त्याच्या पगाराचा आकडा दूधगाडीवाल्यालासुद्धा पाठ होता. धाकटी तिशी ओलांडून गेली, शाळा सुटल्यापासून याच गोठ्यात होती. तिला पैसे लागले की ती मागायची आणि अप्पा "कशाला?" असं विचारून द्यायचे. कधी कधी नुसतं विचारायचे.

"तुम्हाला नाही जमत तर राहू दे," धाकटी बादली उचलून उठली. "यंत्रवाल्याला माणूस हवंय. मी त्याच्याकडे जाते."

आता मात्र अप्पांचं हसू मावळलं. यंत्रवाला म्हणजे रस्त्यापलीकडचा शेजारी. त्याच्याकडे गाईंच्या सडांना नळ्या लावून धारा काढतात. अप्पांच्या मते तो शेतकरी नव्हताच, गाईंचा पंप चालवणारा होता. त्याच्या दारात आपली पोरगी मजूर म्हणून उभी राहणार?

"त्या पंपवाल्याकडे? नाक कापायचंय का माझं? चल, काय कागद लागतात ते बघू."

*

वकीलबाईचं ऑफिस तालुक्याला औषधाच्या दुकानावर होतं. जिना इतका चिंचोळा की अप्पांच्या कोटाच्या दोन्ही बाह्यांना चुना लागला. कोट लग्नाकार्याचा, बूट मात्र गोठ्यातले, कारण दुसरे चावायचे. बसताच खोलीत शेणाचा वास सुटला आणि वकीलबाईनं, काही न बोलता, खिडकी उघडली. हे अप्पांनी बघितलं. त्यांनी बूट खुर्चीखाली ओढले, मग राग येऊन पुन्हा पुढे केले.

बाई लहानखुरी, सर्दीनं नाक लाल झालेली. तिच्या खुर्चीला चाकं होती. ती उठायचीच नाही. कपाटाकडे जायचं तरी खुर्चीसकट घसरायची, झेरॉक्स काढायची तरी घसरत जायची. बाजारातल्या गाईसारखं हिला चालून दाखवायला सांगावं असं अप्पांना दोनदा वाटलं.

"काय करता तुम्ही?" तिनं धाकटीला विचारलं.

"धारा काढते. गोठा बघते. मेंढ्याही आहेत."

"कोणाकडे?"

"घरीच."

"पगार?"

"नाही."

"म्हणजे बेकार," बाई म्हणाली आणि तसं लिहायला लागली.

"अहो, बेकार कसली?" अप्पा उसळले. "पहाटे चार वाजता उठते ती! धारा काय, शेण काय, वैरण काय... गडी करणार नाही इतकं..."

आणि ते गपकन थांबले. एवढ्या सगळ्याचे पैसे होतात, हे आपणच आपल्या तोंडानं सांगतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. वकीलबाई पेन धरून त्यांच्याकडे बघत होती. धाकटीही बघत होती.

"करते आपली," अप्पा म्हणाले. "घरातलं."

बाईनं नाक पुसलं आणि समजावून सांगितलं. मालकानं नोकरी दिल्याचं पत्र द्यायचं. दर महिन्याला पगार बँकेत, मुलीच्या नावावर. पगाराची स्लिप. सहा महिने झाले की बँकेचं स्टेटमेंट जोडायचं. पगार इतका तरी हवाच. तिनं आकडा लिहून कागद फिरवला.

"इतका?" अप्पांचा आवाज चढला. "एवढ्यात मी दोन गडी ठेवीन!"

"ठेवा," बाई म्हणाली. "मग त्या दोघांच्या बायका आणता येतील."

धाकटीच्या ओठांचा कोपरा हलला. अप्पांच्या डोक्यावर जणू कोणी मिरे वाटले. वर बाईनं त्या बोलण्याचे पैसे घेतले! पुढच्या प्रत्येक भेटीचे वेगळे, हेही सांगितलं. जिना उतरताना अप्पांनी ठरवून टाकलं की या बाईच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. फुकटात नाक पुसताना बघायला घरात माणसं होती.

बसमध्ये मात्र त्यांना युक्ती सुचली. इतकी झकास, की ते शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघून हसले.

"पगार द्यायचा," ते धाकटीला म्हणाले. "एक तारखेला खात्यात भरायचा, अगदी बाई म्हणते तेवढा. तू त्याच दिवशी काढायचास आणि घरी आणून द्यायचास. पुढच्या महिन्यात तोच पुन्हा भरायचा. आहे की नाही? सरकारला कागद मिळाला, तुला नवरा मिळाला, आणि पैसा जागच्या जागी."

"राहू द्या ना खात्यात, अप्पा. मी खर्च नाही करणार. सहा महिन्यांनी देते सगळे."

"दर महिन्याला नवे पैसे कुठून आणू मी? झाडाला लागलेत? आणि बँकेत ठेवून काय, त्या काचेआडच्या बाबूला जावई करून घ्यायचाय?"

"एकदा त्या बाईंना विचारू या."

"विचारायचेही पैसे घेते ती."

धाकटी खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला ते पटलं नव्हतं, हे अप्पांना दिसत होतं. पण तिला न पटणं हे काही अप्पांच्या खिजगणतीत नव्हतं.

*

पहिली तारीख आली. दूधगाडीतून अप्पा आणि धाकटी दोघं गेले. अप्पांनी बँकेत पैसे भरले, बाबूला ऐकू जाईल अशा आवाजात "पगार, पगार" म्हणाले. धाकटी बाहेरच्या पैसे काढायच्या यंत्रापाशी उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं नोटा काढून दिल्या. अप्पांनी तिथेच, फाटकाशी, अंगठा जिभेला लावून मोजल्या. घरी येऊन पुन्हा मोजल्या आणि पत्र्याच्या डब्यात टाकल्या.

"अहो, फाटकाशी काय मोजत होतात?" आई म्हणाली. आई म्हणजे अप्पांची बायको, कमी बोलणारी. तिला ही गोष्ट दूधगाडीवाल्यानं सांगितली होती. "लोक बघतात."

"बघू देत. यंत्रं चुकतात."

संध्याकाळी धाकटी फोनवर कात्र्याशी बोलायची. तो तिकडे कुठल्या तरी कातड्यांच्या कारखान्यात लागला होता. फोन गोठ्यामागे, कारण तिथेच रेंज यायची. अप्पा वैरणीच्या ढिगाआडून ऐकायचे. ऐकण्यासारखं काही नसायचं. "जेवलास?" "थंडी आहे." "कबरीचे दिवस भरले." आणि मग दोघंही गप्प. गप्प राहायला फोनला पैसे कशाला लागतात, हे अप्पांना कळेना.

कबरी एका सकाळी अडली. उजाडत होतं. वासराचे मागचे पाय आधी आले होते. धाकटीनं बाही खांद्यापर्यंत सारली, साबणाचं पाणी घेतलं आणि हात घातला. गाय हुंकारत होती, धाकटीचा गाल तिच्या मांडीवर दाबला गेलेला, डोळे मिटलेले. अप्पा डोक्याशी कासरा धरून उभे होते आणि सूचना देत होते.

"ओढ! आता ओढ! अगं, तसं नव्हे!"

"कळ येऊ द्या, अप्पा."

"मला शिकवतेस?"

कळ आली तशी तिनं पाय भिंतीला रेटून ओढलं. वासरू आणि ती दोघंही एकदमच मागे, शेणात. वासराच्या नाकातोंडातला चिकटा तिनं बोटांनी काढला, काडीनं नाक खाजवलं, ते शिंकलं. तेव्हा कुठे तिनं हात बघितला. कोपरापर्यंत लाल, जुन्या भेगा उघड्या पडलेल्या, आणि औषधाच्या पाण्यात धुताना ती दातांवर दात धरून उभी राहिली.

दुपारी दूधगाडीवाल्याला अप्पा सांगत होते, "पायाळू होतं. पण ओढून काढलं की नाही!"

त्या महिन्याला नोटा मोजताना दोन कमी भरल्या. अप्पांनी तिसऱ्यांदा मोजल्या.

"हातमोजे घेतले," धाकटी म्हणाली. "रबराचे, लांब. हात चालत नाहीत माझे."

"न विचारता?"

"पगार माझा आहे ना कागदावर?"

"कागदावर! अगं, कागदावर तर मी तुझा साहेब आहे. साहेबाला विचारायचं असतं. माझ्या बापानं उभ्या जन्मात हातमोजे घातले नाहीत. पुढच्या महिन्यात भरून काढ."

पुढच्या महिन्यात तिनं भरून काढले नाहीत. काढणार कुठून? अप्पा तेवढ्यासाठी अडून बसले नाहीत, असं त्यांचं त्यांनाच फार वाटायचं. फक्त दर एक तारखेला नोटा मोजून झाल्या की विचारायचे, "आणि ते हातमोज्यांचे?" आई भांडी आपटायची. धाकटी बाहेर निघून जायची. सहाव्या महिन्यापर्यंत हातमोजे फाटूनही गेले, प्रश्न फाटला नाही.

*

सहा महिने भरले. वकीलबाईकडे कागद धाकटी एकटी देऊन आली. बाईच्या ऑफिसातली माणसं कागद घेतात, शिक्का मारतात, पुढे पाठवतात. अप्पांनी पत्रावर सही केली होती तीसुद्धा वळणदार. खाली "मालक" असं लिहिलं होतं, ते त्यांना बराच वेळ बघावंसं वाटलं.

उत्तर यायला ऊन तापलं. बाईचा फोन आला, दोघांनी या. पैसे पडणार म्हणून अप्पा कुरकुरले, पण गेले. बातमी ऐकायची तर मालकानं हजर असायला हवं.

बाईला या वेळी सर्दी नव्हती. तिनं कागद पुढे सरकवला नाही, वाचून दाखवला.

"अर्ज नाकारलाय. पगार खरा वाटत नाही, असं म्हणतात."

"खरा वाटत नाही?" अप्पा उभेच राहिले. "सहा महिने राबलीय ती! सहा महिने कसले, पंधरा वर्षं! हात बघा तिचे! दाखव गं हात!"

धाकटीनं हात दाखवले नाहीत. मांडीवर ठेवले होते तसेच राहिले.

"बसा," वकीलबाई म्हणाली. तिनं स्टेटमेंट काढलं आणि पेनाचं टोक ओळींवर ठेवत गेली. "एक तारीख, पगार जमा. एक तारीख, सगळा काढला. पुढचा महिना, एक तारीख, जमा. काढला. पुढचा. सगळीकडे तेच. जमा होतो आणि त्याच दिवशी जातो. ही बाई खाते काय? औषध नाही, कपडा नाही, बसचं तिकीट नाही? पैसे कुठे गेले, काका?"

"काका" शब्द तिनं फार सभ्यपणे उच्चारला. अप्पांनी कोटाचं बटण चाचपलं.

"घरात आहेत," ते म्हणाले. "घरचेच... म्हणजे घरात येतात. घरच्या माणसाला काय, इकडे काय नि तिकडे काय."

"म्हणजे तुम्ही परत घेत होतात?"

खाली औषधाच्या दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं. अप्पांनी धाकटीकडे बघितलं. तिनं काहीतरी सावरून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. आजवर तीच सावरायची. गाय मोकाट सुटली की ती, दुधात पाणी निघालं की ती, थोरल्याच्या सासऱ्यांसमोर अप्पा भलतंच बोलले तेव्हाही ती.

"हो," धाकटी म्हणाली. "परत घेत होते."

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. "पुन्हा सहा महिने लागतील. आणि या मालकाचा कागद आता कोणी धरणार नाही. दुसरा मालक बघा."

अप्पांना खूप बोलायचं होतं. कायदा असा, सरकार तसं, बाई पैसेखाऊ, कारकून आंधळे. पण जे कामच खरं होतं तेच कोणाला खोटं वाटावं, आणि ते त्यांच्या डब्यामुळे, हे काही त्यांच्या तोंडून निघेना. जिना उतरताना ते फक्त म्हणाले, "माजलेत सगळे."

धाकटी बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे गाई हंबरत होत्या. अप्पा उठले, खोकले, वाट बघितली. खिडकीतून बघतात तर धाकटी जेवणाचा डबा घेऊन फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून यंत्रवाल्याच्या गोठ्याकडे चाललेली. नेहमीच्याच वेळेला, नेहमीच्याच कपड्यांत. फक्त उलट दिशेला.

"अगं, ही कुठे चालली?"

"कामाला," आई चुलीपाशी म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं?"

अप्पा बादली घेऊन बसले. पंधरा वर्षांत त्यांनी धारा काढल्या नव्हत्या असं नाही, सणावारासारख्या काढल्या होत्या. पहिल्या गाईनं ऐकलं. दुसरीनं शेपटीनं थोबाड झोडलं. कबरीला त्यांनी चुचकारलं, शिव्या दिल्या, वासरू आणून दाखवलं. तिनं पान्हा चोरला. मग पाय झाडला आणि बादली, दूध आणि अप्पा तिघेही वेगवेगळ्या दिशांना गेले. ते उठून बसले तेव्हा कंबर धरली होती आणि गाडीवाला दारात हॉर्न वाजवत होता.

"अप्पा, आज एवढंच दूध?"

"तुला काय करायचंय!"

आठवडाभर त्यांनी रेटलं. मग गडी शोधायला निघाले. एक भेटला, दाढीवाला, तोंडात काडी. त्यानं गोठा फिरून बघितला जसा काही विकत घ्यायला आलाय.

"पगार बँकेत लागेल," तो म्हणाला. "आठवड्याला एक सुट्टी. दोन वेळ चहा. आणि हातमोजे."

"हातमोजे कशाला?"

"हात आहेत म्हणून."

त्यानं सांगितलेला आकडा वकीलबाईच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा वर होता. अप्पांनी थोरल्याला फोन लावला. थोरला शहरातून म्हणाला, "अप्पा, चालू भाव तोच आहे. धाकटीमुळे तुम्हाला माहीतच नव्हता." आणि त्याची मीटिंग होती म्हणून त्यानं फोन ठेवला. अप्पांना त्याच्या मीटिंगांचंही कौतुक असायचं, पण त्या दिवशी वाटलं नाही.

गडी ठेवला. मेंढ्यांचं मात्र राहून गेलं, त्या लोकरीखाली धापा टाकत सावलीला पडून असायच्या.

धाकटी घरीच झोपायला यायची. भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. महिना झाला आणि तिनं जेवणाच्या टेबलावर अप्पांच्या ताटाशेजारी काही नोटा ठेवल्या.

"हे काय?"

"राहण्याचे आणि जेवणाचे. पगारातून खर्च दिसला पाहिजे, वकीलबाई म्हणाल्या. त्या म्हणाल्या तेवढेच आहेत."

"घरच्या पोरीकडून भाडं घेऊ मी? खाणावळ आहे का ही?"

"पावती द्या," धाकटी म्हणाली. "मिळाले म्हणून. सही करा. मागच्यासारखी."

अप्पांनी आईकडे बघितलं. आई वाढत होती, तिचा हात थांबला नाही. "द्या," ती म्हणाली. "कागदावर."

अप्पांनी पावती लिहिली. मुलीचं पूर्ण नाव लिहिताना त्यांना सासरचं आडनाव विचारावं लागलं, तेही कात्र्याचं. तिनं सांगितलं, त्यांनी लिहिलं. दर महिन्याला लिहायचे. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की नोटांकडे बघत नाही असं दाखवता दाखवता त्यांचा अंगठा आपसूक जिभेकडे जायचा.

*

परवाना आला तेव्हा थंडी पुन्हा सुरू होऊन संपत आली होती. धाकटी रस्ता ओलांडून आली ती पळत. असं पळताना तिला अप्पांनी तिच्या लहानपणानंतर बघितलं नव्हतं. गोठ्यामागे जाऊन तिनं फोन लावला. बोलली काहीच नाही, नुसती रडली, पलीकडून तो जडजिभ्या काहीतरी विचारत होता आणि ही "हो, हो" एवढंच म्हणत होती.

अप्पांचाही ऊर भरून आला. खरंच आला. पण भरलेल्या उरातून बाहेर काय पडलं?

"बरं झालं. यंदा मेंढ्या घरच्या घरी कातरून होतील."

धाकटी डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. राग असता तर परवडला असता. बाजारात खोड असलेलं जनावर दिसल्यावर माणूस बघतो आणि पुढे जातो, तसं तिनं बघितलं.

"आम्ही इथे नाही राहणार, अप्पा. यंत्रवाल्यानं वरची खोली दिलीय. कागदात तोच पत्ता आहे."

ती आत गेल्यावर आई पहिल्यांदाच अप्पांसमोर येऊन उभी राहिली. "अहो, थोडी तरी लाज ठेवा. पोरगी आणखी सात-आठ महिने नवऱ्यावाचून राहिली ती तुमच्या डब्यापायी. त्याच्यापायी नाही, सरकारपायी नाही. तुमच्या त्या डब्यापायी."

अप्पा जेवले नाहीत. आईनं ताट झाकलं आणि "खा" असंही म्हणाली नाही.

सकाळी त्यांनी कबरी सोडली, मागे तिचं वासरू, आणि रस्ता ओलांडला. एवढे पैसे देणारा गावात एकच होता. यंत्रवाल्यानं गाईभोवती चक्कर मारली, कास बघितली, भाव पाडला. अप्पांनी हुज्जत घातली नाही. यंत्रवाल्यालाच चमत्कारिक वाटलं असावं.

"बँकेत टाकतो, अप्पा."

"हातात दे."

कबरी आत शिरली तशी गोठ्याच्या त्या टोकाहून धाकटीनं मान वर केली. गाय तिला बघून हंबरली. अप्पा नोटा खिशात कोंबून पाठ फिरवून घरी आले.

संध्याकाळी धाकटी पिशवी भरायला आली. दुसऱ्या दिवशीच्या बसनं कात्र्या येणार होता. टेबलावर अप्पांनी नोटांची चवड ठेवली होती, डब्यातले आणि कबरीचे मिळून. समोर बसले होते, कोट घालून.

"तुझा पगार," ते म्हणाले. "सहा महिन्यांचा. आकडा बाईनं लिहिला होता तोच."

त्यांना वाटलं ती नको म्हणेल. मग ते आग्रह करतील, मग ती रडेल, आई रडेल आणि सगळं सुरळीत होईल. घरच्या माणसांचं असंच होतं.

धाकटी बसली. तिनं चवड पुढे ओढली, अंगठा जिभेला लावला आणि मोजायला लागली. सावकाश, एकेक नोट. मोजून झाल्यावर तिनं चवड टेबलावर ठोकून सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. अप्पा बघत होते. खाली मान घालावी की वर बघावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. तिनं चवडीतून दोन नोटा काढल्या, अप्पांसमोर ठेवल्या आणि त्यांच्याकडे सरकवल्या. "हे हातमोज्यांचे. राहिले होते."

मग तिनं बाकीच्या नोटा पिशवीत टाकल्या, आईच्या गळ्यात पडली, आणि रस्ता ओलांडून गेली. फाटक तिनं नेहमीसारखं नीट लावून घेतलं.

आज गड्याची सुट्टी होती. गोठ्यात गाई केव्हापासून हंबरत होत्या. आई म्हणाली, "अहो, धारा." अप्पा त्या दोन नोटांकडे बघत बसले होते. त्यांनी त्या मोजल्या नाहीत.